मुद्दाम बिघडवलेल्या चार प्रेस : ह्यूस्टनजवळचा एक रीलोडिंग क्लास

काडतुसं घरी भरायला शिकवणारे क्लास इथे बहुतेक एकाच साच्याचे असतात. मास्तर समोर उभा राहतो, प्रेसचा, म्हणजे काडतुसं दाबून भरायच्या यंत्राचा, दांडा खाली-वर करतो, दहा काडतुसं तयार करून दाखवतो, आपण माना डोलावतो आणि घरी येऊन खोकं उघडलं की पहिल्याच डायपाशी (प्रेसमध्ये बसवायच्या साच्यापाशी) अडतो. ह्यूस्टनच्या वायव्येला, हायवे २९० च्या बाजूला एका बंदुकांच्या दुकानामागच्या शेडमध्ये चालणारा हा क्लास तसा नाही. इथे चार टेबलांवर चार प्रेस लावलेल्या असतात आणि चारही मुद्दाम चुकीच्या. काय चुकलंय ते शोधायचं, पुराव्यानिशी सांगायचं, मग नीट करायचं. बस, एवढाच अभ्यासक्रम. शनिवारचा पूर्ण दिवस, फी दीडशे डॉलर, डबा आपला आपण न्यायचा. दुकानाचं नाव देत नाही, कारण पुढे थोडी कुरकुरही करणार आहे. कुणाला जायचंच असेल तर मला विचारा.

आधी कायद्याचं, कारण फोनवर पहिला प्रश्न हाच येतो. भारतात परवान्याशिवाय काडतुसं बनवणं हा १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली सरळ गुन्हा आहे, तेव्हा तिकडच्या कुणी हे वाचून उत्साहात येऊ नये. अमेरिकेत स्वतःच्या वापरापुरती काडतुसं भरायला केंद्राचा परवाना लागत नाही. विकायला निघालात की लागतो. पण एच-वन किंवा विद्यार्थी व्हिसावर असलेल्यांना, काही ठरावीक अपवाद सोडले तर, बंदूकच काय, काडतूस बाळगायलाही केंद्राच्या कायद्याने मनाई आहे. आपल्याकडच्या बऱ्याच मुलांना हे ठाऊक नसतं आणि मित्राबरोबर मजेत रेंजवर जातात. मी ग्रीन कार्ड हातात पडेपर्यंत या वाटेला गेले नाही.

आता थोडं ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी. काडतूस म्हणजे चार जिन्नस : पितळेची पुंगळी, तिच्या बुडात ठोका बसताच पेटणारा प्रायमर, पोटात पावडर आणि तोंडाशी गोळी. झाडल्यावर पुंगळी उरते, आणि चारांत महाग तीच, म्हणून ती परत भरायची. फुगलेली पुंगळी डायमध्ये दाबून मूळ मापाला आणायची, त्याच दाबात जुना प्रायमर बाहेर, मग नवा बसवायचा, तोंड किंचित उमलवायचं, पावडर मोजून घालायची, गोळी बसवायची आणि उमललेलं तोंड परत मिटवायचं. जवळजवळ प्रत्येक कामाची डाय वेगळी. आणि कुठली डाय किती खाली उतरवायची हे ज्याचं त्याने ठरवायचं असतं. कुठलीही कंपनी ते ठरवून देत नाही, कारण तुमची प्रेस, तुमचा शेलहोल्डर (पुंगळीचं बूड धरणारा तुकडा) आणि तुमची गोळी तिला माहीत नसते. लोक महिनाभर कुठली प्रेस घ्यावी यावर डोकं फोडतात आणि ती घरी आल्यावर अर्ध्या तासात डाय पिळून मोकळे होतात. माझ्या मते नेमकं उलटं हवं.

मास्तर सत्तरीच्या आसपासचा, उभं आयुष्य तेलविहिरींची अवजारं बनवणाऱ्या कारखान्यात लेथवर गेलेलं. बोलतो कमी. त्याच्याकडे तंबाखूचा एक जुना पत्र्याचा डबा आहे. सकाळी तो डबा टेबलावर पालथा करतो : तोंडाला उभी चीर गेलेल्या पुंगळ्या, पोटात गुद्दा बसावा तशा चेपलेल्या, वाकड्या बसलेल्या गोळ्या, एका गोळीच्या अंगावरून सोलून निघालेलं तांब्याचं बारीक कडं. दिवसभरात तुमच्या टेबलावर जे काही बिघडेल त्याचा जोडीदार या ढिगातून शोधून काढायचा, मग बोलायचं. मी आणि माझी मैत्रीण एका टेबलावर होतो, समोर दोघं इंजिनिअर बापलेक.

पहिलं टेबल सोपं होतं. प्रेस दोन साध्या लाकडी स्क्रूंवर, तेही टेबलाच्या मधोमध. दांडा दाबला की अख्खी फळी कमानीसारखी वाकायची. एकामागून एक पाच गोळ्या बसवल्या आणि पाचांची लांबी वेगवेगळी भरली. प्रेस टेबलाच्या पायाच्या वर घ्या, आरपार बोल्ट टाका, खालून मोठे वॉशर लावा, टेबल भिंतीतल्या लाकडी खांबाला जखडा. दहा मिनिटांचं काम. मास्तरने त्यावर फार वेळ घालवला नाही, मीही घालवत नाही.

दुसऱ्या टेबलावर नऊ एमएम या पिस्तुलाच्या काडतुसाची साइझिंग डाय, म्हणजे पुंगळी मूळ मापाला आणणारी. रॅम, म्हणजे पुंगळी वर नेणारा प्रेसचा खांब, पूर्ण वर नेल्यावर डायचं बूड आणि शेलहोल्डर यांच्यामध्ये पोस्टकार्ड जाईल एवढी फट दिसत होती. इंजिनिअर मुलाचं म्हणणं, पुंगळी तर छान दिसतेय. वरून छानच दिसते. बुडाजवळ मात्र ती फुगलेलीच राहिलेली असते. मास्तरने सुटी बॅरल, म्हणजे पिस्तुलाची नळी, हातात दिली. पुंगळी चेंबरमध्ये, म्हणजे नळीत काडतूस बसतं त्या जागी, सोडायची, ती टक्कन खाली बसली पाहिजे आणि बॅरल उलटी धरली की आपोआप हातात पडली पाहिजे. आमची अर्ध्यात अडकली.

मग मुलाने डाय खाली पिळली आणि वर आणखी अर्धा आटा दिला, घट्ट असलेलं बरं म्हणून. मास्तर तेवढ्यात धावला. पिस्तुलाच्या बहुतेक साइझिंग डायच्या तोंडाशी कार्बाइड या अतिकठीण पदार्थाची कडी असते. तिच्यामुळे पुंगळीला तेल लावायची कटकट वाचते, पण ती ठिसूळ असते आणि शेलहोल्डर तिच्यावर आदळत राहिला तर एक दिवस तडकते. म्हणून आधी टेकेपर्यंत आणायची, मग केसभर वर घ्यायची. आणि ही फट रिकाम्या प्रेसवर बघायची नाही. आत पुंगळी असताना प्रेसवर जोर येतो, सगळं थोडं ताणलं जातं आणि बंद दिसणारी फट उघडते. डाय जागेवर जखडणारा चेकनट आवळायचा तोही रॅम वर आणि पुंगळी डायच्या आत असताना, म्हणजे डाय मधोमध बसते. हे शेवटचं वाक्य मी कुठल्याच माहितीपुस्तिकेत ठळक छापलेलं पाहिलं नव्हतं.

तिसऱ्या टेबलावर आमचा सगळ्यात जास्त वेळ गेला आणि फी वसूल झाली ती इथेच. गोळी बसवणारी डाय एकाच वेळी दोन कामं करते. मधला दांडा गोळीला खाली ढकलतो आणि डायच्या अंगातली कड पुंगळीचं तोंड आत मिटवते. कुठलं काम आधी उरकेल हे या दोहोंच्या उंचीवर ठरतं. टेबलावरची डाय अशी लावली होती की तोंड आधी मिटत होतं आणि गोळीला अजून खाली जायचं होतं. प्रेसचा दांडा दाबताना हाताला जडपणा लागला, मैत्रिणीने जोर दिला, आणि बाहेर आलं ते तोंडाखाली फुगवटा आलेलं काडतूस. डब्यातल्या चेपलेल्या पुंगळ्यांपैकी निम्म्या याच आजाराच्या होत्या.

मास्तरचा क्रम असा. रॅमवर पुंगळी ठेवून वर न्यायची, डाय तोंडाला टेकेपर्यंत उतरवायची आणि पूर्ण एक आटा वर घ्यायची, म्हणजे मिटवणारी कड वाटेतून बाजूला होते. आता फक्त मधल्या दांड्याने गोळी थोडी थोडी खाली, दर वेळी कॅलिपरने लांबी मोजून. नऊ एमएमच्या काडतुसाची जास्तीत जास्त लांबी १.१६९ इंच, पण ती वरची हद्द आहे, आपलं माप नाही. आपलं माप रीलोडिंगच्या पुस्तकात त्या गोळीसमोर दिलेलं असतं आणि शेवटचा शब्द आपल्या बॅरलचा. लांबी जमली की मधला दांडा पूर्ण वर सोडून द्यायचा आणि डाय हळूहळू खाली आणायची, तोंडाची उमललेली कड बोटाला लागेनाशी होईपर्यंत. नट आवळायचा. मग ते तयार काडतूस आतच ठेवून मधला दांडा गोळीला टेकवायचा आणि तोही आवळायचा. हे सगळं पावडर आणि प्रायमर नसलेल्या डमीवर.

मी विचारलं, "तोंड अजून थोडं घट्ट मिटवलं तर गोळी पक्की नाही का बसणार?"

त्याने उत्तर न देता एक अति मिटवलेलं डमी बॅरलमध्ये सोडलं. ते इतरांपेक्षा आत गेलं. नऊ एमएमचं काडतूस चेंबरमध्ये तोंडाच्या कडेवर टेकून उभं असतं. तीच कड आत वळवली तर त्याला टेकायला काही उरत नाही, ते आत सरकतं आणि फायरिंग पिनचा ठोका प्रायमरवर नीट बसत नाही. गोळी धरून ठेवतं ते साइझिंगने आलेलं पुंगळीचं अंग. थर्टी-एट स्पेशल या रिव्हॉल्व्हरच्या काडतुसाची गोष्ट निराळी. त्याला बुडाशी कंगोरा आहे, ते त्यावर टेकतं, म्हणून तिथे तोंड गोळीवरच्या खाचेत व्यवस्थित वळवायचं. मी दोन्ही भरते, त्यामुळे हा फरक मला कोष्टकात वाचण्यापेक्षा बॅरलमध्ये दिसला हे बरं झालं.

गोळी पक्की आहे का हे बघायची त्याची रीत साधी आहे. डमी मोजायचं, गोळीचं टोक टेबलाच्या कडेवर अंगठ्याच्या जोराने दाबायचं, परत मोजायचं. लांबी कमी झाली तर पिस्तुलात भरताना चेंबरकडे नेणाऱ्या उतारावर (रॅम्पवर) आपटूनही ती कमी होणार. गोळी आत गेली की पावडरला जागा कमी आणि दाब जास्त. छोट्या काडतुसात हा फरक चांगलाच जाणवतो.

चौथ्या टेबलावर पावडर मोजणारं यंत्र आणि इलेक्ट्रॉनिक तराजू. पावडरऐवजी मक्याचा रवा दिला होता. फळ्यावर लिहिलेल्या मापाला यंत्र लावायचं एवढंच काम. प्रत्येक वेळी वजन वेगळं. आम्ही यंत्राचा स्क्रू एकदा आत, एकदा बाहेर. समोरच्या वडिलांनी तर कागदावर सरासरी काढायला घेतली. मास्तर बराच वेळ मागे हात बांधून बघत होता. मग म्हणाला, "तराजूवर वजन ठेवून पाहिलंत का कुणी?"

नव्हतं पाहिलं. छोट्या डबीतलं प्रमाणित वजन ठेवलं तर त्याचाही आकडा स्थिर राहीना. वर पाहिलं तर एसीचं तोंड बरोबर तराजूवर, आणि तराजू आम्ही येण्याच्या दोन मिनिटं आधी चालू केलेला. म्हणजे हलत होता तराजू आणि आम्ही पिळत होतो यंत्र. पिस्तुलाच्या काडतुसात काही ग्रेन पावडर जाते. एक ग्रेन म्हणजे जेमतेम ६४.८ मिलिग्रॅम, त्याच्या दहाव्या हिश्शावर आपण भांडत असतो. एवढ्या सूक्ष्म वजनाला पंख्याची झुळूकही पुरते. तराजू आधी तापू द्यायचा, वाऱ्यापासून दूर, सपाट जागी ठेवायचा, सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी वजन ठेवून खात्री करायची. यंत्रातली पहिली दहा मापं परत वर ओतायची, कारण पावडर खाली बसेपर्यंत आकडे भटकतातच. आणि कोपऱ्यातलं ते बारीक अक्षर वाचायचं. बटणाला चुकून धक्का लागला की हे तराजू ग्रेनवरून ग्रॅमवर जातात, आणि एका ग्रॅमचे १५.४३ ग्रेन होतात.

त्याच टेबलावर लाकडी ठोकळ्यात पन्नास पुंगळ्या उभ्या होत्या, भरलेल्या. टॉर्च देऊन म्हणाला, बघा. एक रिकामी होती आणि एकीत दोनदा भरलेलं. रिकामी निघाली तर नुसता प्रायमर गोळीला ढकलून नळीत अडकवतो, आवाज फुसका येतो, आणि ते न कळता मागून दुसरी झाडली तर नळी फाटू शकते. दुप्पट भरलेली तर पहिल्याच दणक्याला. म्हणून गोळी बसवण्याआधी सगळा ठोकळा उजेडात बघायचा, आणि शक्यतो अशी पावडर निवडायची जी पुंगळी निम्म्याहून जास्त भरते, म्हणजे दुसऱ्यांदा घातली तर बाहेर सांडेल. टेबलावर एका वेळी पावडरचा एकच डबा. काम संपलं की यंत्रातली पावडर परत त्याच डब्यात.

प्रायमरचा भाग मात्र घाईत उरकला. पुंगळीच्या बुडाच्या पातळीपेक्षा प्रायमर किंचित आत हवा, बोट फिरवून बघा, वर राहिला तर धोका, एवढं सांगून तो पुढे गेला. फॉर्टी-फाइव्ह या पिस्तुलाच्या काडतुसाच्या पुंगळ्यांत लहान आणि मोठा असे दोन्ही प्रायमर येतात, रेंजवरून गोळा केलेल्यांत ते मिसळलेले असतात आणि मोठा प्रायमर लहान खाचेत दाबला तर हातातच फुटू शकतो. हे त्याला मी विचारलं म्हणून निघालं. न विचारणारा घरी जाऊन काय करेल?

त्या रात्री वरणगावला बाबांशी बोलले. तिकडे रविवारची सकाळ. ते तिथल्या आयुध निर्माणीत तपासणी विभागात होते. आमचं बालपणच त्या कॉलनीत, भोंग्यावर घड्याळ लावणारं. मी उत्साहाने डाय, क्रिम्प (ते तोंड मिटवणं), तराजू सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "अगं, पण पहिला नग कोण पास करतं?"

"म्हणजे?"

"आमच्याकडे मशीन लावणारा सेटर वेगळा, चालवणारा वेगळा, आणि पहिला नग गेजने मोजून पास केल्याशिवाय लॉट सुरू होत नाही. तो तपासणारा तिसराच. तुझ्याकडे तिघंही तूच का?"

"हो, बाबा."

"मग जमायचं नाही. ज्याने लावलं त्याला स्वतःचं वाकडं सरळच दिसतं."

या क्लासची खरी किंमत मला तिथे उमगली. डाय कशी लावायची ते शंभर व्हिडिओ दाखवतात. दुसऱ्याने लावलेली प्रेस संशयाने बघायची सवय मात्र कुठे लावत नाहीत, आणि ती लागली की स्वतःच्या टेबलाकडेही बघता येतं. मैत्रिणीने आणि मी आता तसंच ठरवलंय. नवी डाय लावली की पहिली पाच डमी तिची मी मोजते, माझी ती मोजते, आणि लावणारीने त्या वेळी गप्प बसायचं. बाबांच्या मते हे अजूनही अपुरं आहे, कारण गेज दोघींत मिळून एकच आहे. दुसरं मागवलंय.

आता कुरकुर. चार प्रेसवर आठ जण ही गर्दी झाली. सहा ठीक होते. जेवणानंतर दुकानदार स्वतः येऊन प्रोग्रेसिव्ह प्रेस कशी तासाला शेकड्यांनी काडतुसं काढते ते सांगत बसला. ज्या लोकांना तासाभरापूर्वी एक डाय धड लावता येत नव्हती त्यांना एका दांड्यात चार-पाच कामं करणारं यंत्र विकायला निघणं हा मला चक्क बेजबाबदारपणा वाटतो. एकेक काम सुटं करणाऱ्या सिंगल स्टेजवर चूक दिसते. प्रोग्रेसिव्हवर ती पाच पुंगळ्या पुढे गेल्यावर कळते.

त्याहून गंभीर तक्रार शिशाची. झाडलेल्या प्रायमरच्या काजळीत शिसं असतं. शेडच्या कोपऱ्यात पुंगळ्या साफ करणारा टंबलर कोरड्या भुश्श्यावर चालू होता आणि त्याचं झाकण उघडलं की धूळ सरळ आमच्याकडे. शेडमध्ये बेसिन नाही, हात धुवायला दुकानात जावं लागतं, त्यामुळे दोघा-तिघांनी टेबलावरच बर्गर खाल्ले. मास्तरने हे थांबवायला हवं होतं. घरी लहान मुलं असलेल्यांनी तर ओल्या टंबलरचाच विचार करावा, पाणी आणि स्टीलच्या पिना घालतात तो. धूळ उडत नाही. कपडेही वेगळे धुवावेत. मी निघताना त्याला हे बोलले. त्याने मान हलवली, पण लिहून काही घेतलं नाही.

पैसे वाचवायचे म्हणून कुणी येणार असेल तर जरा थांबा. २०२० नंतर प्रायमरची टंचाई झाली, भाव चढले, आणि साध्या नऊ एमएममध्ये वाचतं ते चिल्लर. थर्टी-एट किंवा फॉर्टी-फाइव्ह झाडत असाल तर हिशेब बरा दिसतो, पण वाचलेलं तुम्ही जास्त झाडण्यात घालवता हे माझ्या नवऱ्याचं निरीक्षण आहे आणि ते खोडता आलेलं नाही. स्पर्धेसाठी हलका धक्का हवा, प्रत्येक काडतूस सारखं हवं, किंवा नुसताच हाताने नीट काम करायचा नाद असेल, तर जा. प्रेस विकत घेण्याआधी जा. घेऊन बसला असाल आणि आपली काडतुसं बॅरलमध्ये अडकत असतील तर पाच-सहा डमी बरोबर न्या, मास्तर जेवणाच्या सुट्टीत बघतो, वेगळे पैसे घेत नाही.

रायफलचा वेगळा शनिवार असतो. त्यात पुंगळीला तेल लावणं, खांदा किती मागे ढकलायचा आणि डायमध्ये अडकलेली पुंगळी ड्रिलने कशी काढायची ते शिकवतात म्हणे. मी रायफल भरत नाही, त्यामुळे त्याबद्दल काही सांगू शकत नाही. बुकिंग फोनवरच होतं आणि जागा आठवडाभर आधी संपतात. संरक्षक चष्मा आणि कॅलिपर स्वतःचे न्या. तिथले कॅलिपर चार टेबलांत दोन, आणि त्यातल्या एकाची बॅटरी दुपारी संपली.